पोच

३१ जानेवारी १९४६ रोजी ‘ट्रिएन्झा’ नावाचं जहाज नौरू बेटासमोर येऊन थांबलं आणि त्यातून ७३७ माणसं किनाऱ्यावर उतरली. १९४३ साली जपानी सैन्याने याच बेटावरून मजुरीसाठी ट्रुक या दूरच्या बेटांवर नेली होती ती १,२००. पॅसिफिकच्या मधोमध, विषुववृत्ताच्या जरासं खाली, २१ चौरस किलोमीटरचं हे बेट. भूक, मारहाण आणि बॉम्बवर्षाव सोसून तिथली माणसं घरी येत होती. उतरणाऱ्यांत तेवीस वर्षांचा एक शाळामास्तर होता. त्याचं नाव हॅमर डीरोबर्ट.

हा प्रसंग वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आला तो हजेरीपट. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, प्राथमिक शिक्षक होते. माण तालुक्यातल्या एका वाडीवर त्यांची शाळा. दिवाळी झाली की मेंढपाळांची बिऱ्हाडं मेंढरं घेऊन कोकणात उतरायची आणि वर्गातली निम्मी पोरं त्यांच्याबरोबर जायची. अण्णा तरीही रोज त्यांची नावं पुकारायचे. ‘हजर’ म्हणायला कुणी नसे. अण्णा जरा थांबायचे, खूण करायचे, पुढचं नाव घ्यायचे. पटावरून एखादं नाव कमी करणं त्यांच्या फार जिवावर यायचं. पावसाच्या तोंडाला मेंढरं परतली की ते स्वतः वाड्यावस्त्यांवर जाऊन पोरं मोजून यायचे. एखादं पोर तिकडेच तापाने गेलेलं असायचं. त्या रात्री अण्णा जेवत नसत.

म्हणून ट्रिएन्झातून उतरणाऱ्या त्या रांगेकडे मला मास्तराच्या नजरेनेच बघता येतं. रांगेतल्या त्या मास्तराने मनातल्या मनात कुणाकुणाची नावं पुकारली असतील? त्याचे विद्यार्थी, त्यांचे आईबाप. ४६३ माणसं कमी भरली होती. शिवाय जे ट्रुकला गेलेच नव्हते, त्यांच्यातलेही सगळे उरले नव्हते. जुलै १९४३मध्ये जपान्यांनी बेटावरच्या ३९ कुष्ठरोग्यांना बोटीत बसवून समुद्रात ओढून नेलं आणि बुडवलं.

माणसं मोजणं ही या बेटावर फार जुनी आणि गंभीर गोष्ट आहे. १९२०च्या एन्फ्लुएन्झाच्या साथीत इतकी माणसं गेली की जमातच संपते की काय अशी भीती उभी राहिली. टिकायचं तर निदान १,५०० माणसं हवीत, असं ठरलं. २६ ऑक्टोबर १९३२ रोजी एक मुलगी जन्मली आणि आकडा १,५०० झाला. त्या दिवसाला अंगाम म्हणतात. जल्लोष, आणि घरी पोचणं, असे दोन्ही अर्थ त्या एका शब्दात आहेत. युद्धाने तो आकडा पुन्हा खाली ओढला. तो परत गाठायला १९४९ साल उजाडावं लागलं. आजही २६ ऑक्टोबरला नौरूत सुट्टी असते. एका देशाने आपल्या पटसंख्येचा सण करावा, हे मला विलक्षण वाटतं.

माझी आणि नौरूची गाठ खतामुळे पडली. शेतीची पदवी घेऊन मी काही वर्षं खतविक्रीच्या नोकरीत होतो. पारादीप फॉस्फेट्स या कंपनीचा जुना इतिहास चाळताना एका ओळीवर थबकलो. ओडिशाच्या किनाऱ्यावर १९८१ साली ही कंपनी उभी राहिली ती भारत सरकार आणि नौरू प्रजासत्ताक यांच्या भागीदारीतून. पुढे १९९३मध्ये भारत सरकारने नौरूचा वाटा विकत घेतला. नकाशात नौरू शोधायला मला भिंग लागलं. एवढ्याशा देशाने भारत सरकारच्या बरोबरीने कारखान्यात पैसा घातला, हे काय प्रकरण आहे म्हणून वाचत गेलो, आणि त्या काळचा राष्ट्राध्यक्ष म्हणून डीरोबर्ट भेटले.

नौरू म्हणजे मुळात खताचाच डोंगर. किनाऱ्याने नारळी-केतकीची अरुंद पट्टी, तिथे वस्ती, आणि मधला सगळा उंचवटा फॉस्फेटचा. बेटाचा जवळजवळ चार पंचमांश भाग. १८८८पासून बेट जर्मनीच्या ताब्यात होतं. १८९९ साली सिडनीतल्या एका व्यापारी कचेरीत दार उघडं राहावं म्हणून लावलेल्या दगडाकडे अल्बर्ट एलिस नावाच्या माणसाचं लक्ष गेलं. दगड नौरूहून आणलेला होता. तपासला, तर उच्च प्रतीचं फॉस्फेट. १९०६ साली खोदाई सुरू झाली. जमीनमालकाला टनामागे अर्धा पेनी मिळायचा.

पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाने बेट घेतलं. नंतर ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि न्यूझीलंड या तिघांनी मिळून ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्स नावाचं मंडळ नेमलं आणि धंदा आपल्या हाती ठेवला. फॉस्फेट या देशांतल्या शेतकऱ्यांना उत्पादनखर्चाच्या भावात जायचं, जगातल्या बाजारभावापेक्षा कितीतरी स्वस्त. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची कुरणं हिरवी झाली, दूध-लोकर-गहू पिकला. त्या स्वस्ताईची किंमत नौरू भरत होतं. मी स्वतः सबसिडीच्या खतावर पोट भरलेला माणूस आहे. खत स्वस्त मिळालं की शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते मला माहीत आहे. म्हणूनच हे वाचताना अस्वस्थ झालो. स्वस्त खत कुणाच्या तरी वाट्यातून कापून आलेलं असतं.

खोदाई कशी चालते तेही सांगायला हवं, नाहीतर पुढचा हट्ट कळणार नाही. तिथलं फॉस्फेट सलग थरात नसतं. खाली प्रवाळाच्या चुनखडीचे उंच सुळके आणि त्यांच्या फटीफटींत फॉस्फेट भरलेलं. आधी वरची झाडं काढायची, मग क्रेनच्या पंजाने फटींमधलं फॉस्फेट उपसायचं. मागे राहतात ते नुसते सुळके, दोनदोन-तीनतीन पुरुष उंच, पांढरे-करडे, एकमेकांना चिकटून. त्यावरून चालता येत नाही, घर बांधता येत नाही, पेरता येत नाही. आपल्याकडे खाण संपली की खड्डा राहतो. खड्ड्यात निदान पाणी साठतं.

डीरोबर्ट १९२२ साली या बेटावर जन्मले. बेटावरच्या शाळेनंतर ऑस्ट्रेलियात जिलाँगच्या गॉर्डन इन्स्टिट्यूटमध्ये शिकले आणि घरी येऊन शिक्षक झाले. नौरूचे विद्यार्थी त्या काळी जिलाँगला जायचे आणि येताना ऑस्ट्रेलियन फुटबॉल घेऊन यायचे. तो आज तिथला राष्ट्रीय खेळ आहे. मग युद्ध आलं. ऑगस्ट १९४२मध्ये जपानी सैन्य उतरलं, पुढच्या वर्षी ट्रुक.

युद्धानंतर बेट संयुक्त राष्ट्रांच्या विश्वस्त व्यवस्थेखाली आलं आणि कारभार पुन्हा ऑस्ट्रेलियाकडे गेला. १९५१मध्ये स्थानिक परिषद स्थापन झाली. डीरोबर्ट १९५५ साली निवडून आले आणि १९५६मध्ये मुख्य सरदार झाले. परिषदेच्या हातात फारसं काही नव्हतं. खरी सत्ता ऑस्ट्रेलियन प्रशासकाची आणि खरी तिजोरी कमिशनर्सची. पण विश्वस्त व्यवस्थेचा एक नियम असा होता की दर वर्षी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या विश्वस्त परिषदेपुढे कारभाराचा अहवाल ठेवावा लागे. डीरोबर्टांनी तीच जागा धरली. विश्वस्त आहात ना, मग ज्याची मालमत्ता सांभाळता त्याला वही दाखवा. माल किती गेला, जगात त्याचा भाव काय, आम्हाला काय भाव लावलात? प्रश्न तसे चौथीच्या गणितातले. ते विचारायला माणूस मात्र मास्तर लागला.

ऑस्ट्रेलियाच्या राजधानीतून, कॅनबेरातून, उत्तर आलं ते एका उदार प्रस्तावाच्या रूपाने. फॉस्फेट शतकाअखेर संपेल, बेट राहण्याजोगं उरणार नाही, तेव्हा तुम्ही सगळेच दुसरीकडे चला. क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळ ग्लॅडस्टनसमोर कर्टिस नावाचं बेट आहे. नौरूपेक्षा कितीतरी मोठं. तिथे घरं, शेती, मासेमारी, सगळं उभं करून देऊ. खर्चाचा अंदाज होता सुमारे १ कोटी पौंड. ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्वही मिळणार होतं. तो काळ गोऱ्यांखेरीज इतरांना देशात वसू न देण्याच्या ‘गोऱ्या ऑस्ट्रेलिया’च्या धोरणाचा होता हे लक्षात घेतलं, तर प्रस्ताव वाईट हेतूचा होता असं मला म्हणवत नाही. डीरोबर्टांनीही तो हसण्यावारी नेला नाही. सहकाऱ्यांबरोबर तिथे जाऊन जागा बघितल्या, चर्चा केल्या. त्यांची अट एकच होती. कर्टिसवर राज्य आमचं असेल. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार तुम्ही बघा, बाकीचं आम्ही बघू. ऑस्ट्रेलियाला हे मान्य नव्हतं. आपल्या किनाऱ्यावर दुसरं राष्ट्र कसं चालेल? नगरपालिकेसारखी परिषद देऊ, त्यापुढे नाही.

१९६४मध्ये डीरोबर्टांनी नकार दिला.

या नकारापाशी मी फार दिवस अडकून होतो. त्याला कारण आमच्या घरातलं आहे. माझ्या आईचे वडील, आबा, कोयनेच्या खोऱ्यातले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला धरणाचं पाणी चढलं आणि त्यांचं गाव उठलं. त्यांना सोलापूर जिल्ह्यात जमीन मिळाली. काळी, भारी जमीन, डोंगरउतारावरच्या नाचणीच्या तुकड्यापेक्षा पुष्कळ चांगली असं सगळे म्हणायचे. आबांनी ती कसलीही. पण त्या सपाट रानाच्या तुकड्यांना त्यांनी जुन्या गावातल्या तुकड्यांची नावं दिली होती. एका पट्टीला ते ‘ओढ्याकडचं’ म्हणायचे. आसपास कोसभर ओढा नव्हता. लहानपणी मी विचारलं, “आबा, ओढा कुठाय?” आबा म्हणाले, “हाय की. धरणात हाय.” त्या गावात शेवटपर्यंत आम्ही धरणवालेच राहिलो.

आबांना नकार द्यायची सोयच नव्हती. त्यांच्या वतीने कुणी कॅनबेरासारख्या ठिकाणी टेबलापलीकडे बसलं नव्हतं. नौरूच्या शेजारच्या बानाबा बेटाचंही तसंच झालं होतं. तेच फॉस्फेट, तेच कमिशनर्स, आणि युद्ध संपताच १९४५मध्ये तिथली माणसं फिजीतल्या राबी बेटावर नेऊन ठेवली. डीरोबर्टांच्या डोळ्यांसमोर ते उदाहरण होतं. मूठभर माणसं एका मोठ्या देशात विरघळली की दोन पिढ्यांनी त्यांची वेगळी मोजणीच होत नाही, हे त्यांना कळत होतं. ७३७ माणसं घरी येताना पाहिलेल्या माणसाला ते सांगावं लागत नव्हतं.

नकार दिला म्हणजे आता इथेच राहायचं. इथेच राहायचं तर बेट आपलं हवं आणि खाणही आपली हवी. पुढची तीन वर्षं घासाघीस चालली. एवढ्याशा लोकवस्तीचं सार्वभौम राष्ट्र होऊ शकतं यावर तिन्ही सरकारांचा विश्वास नव्हता. मूळ नौरूवासी तेव्हा जेमतेम तीन हजार. डीरोबर्टांनी जाणकार माणसं जोडली. घटनेच्या कामी इतिहासाचे प्राध्यापक जेम्स डेव्हिडसन मदतीला होते, ज्यांनी आधी पश्चिम सामोआच्या घटनेसाठी काम केलं होतं. १९६७च्या कराराने खाणीची सगळी यंत्रसामग्री २ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरला नौरूने विकत घ्यायचं ठरलं. ज्या खाणीने बेट पोखरलं, ती बेटाने पैसे मोजून सोडवली. १ जुलै १९७० रोजी खाण नौरू फॉस्फेट कॉर्पोरेशनच्या ताब्यात आली.

स्वातंत्र्याची तारीख त्यांनी निवडली ३१ जानेवारी. १९६८ साल, ट्रिएन्झा आलं त्याला बरोबर बावीस वर्षं. त्याच वर्षीच्या मे महिन्यात डीरोबर्ट देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. तेव्हा नौरू जगातलं सर्वांत छोटं प्रजासत्ताक होतं. १९७१मध्ये वेलिंग्टनला साउथ पॅसिफिक फोरम या पॅसिफिकमधल्या देशांच्या मंचाची पहिली बैठक भरली, त्या सात संस्थापक देशांत नौरू होतं. पॅसिफिकमध्ये चाललेल्या फ्रान्सच्या अणुचाचण्यांबद्दल बोलायला या बेटांना तोवर स्वतःची जागाच नव्हती.

आता यापुढचं लिहिताना हात जड होतो. पण अण्णा म्हणायचे, आवडत्या पोराचा पेपर अंमळ कडक तपासावा.

१९७४च्या सुमारास जगात फॉस्फेटचे भाव कित्येक पटींनी चढले आणि नौरूकडे पैशाचा पूर आला. देशाची विमान कंपनी निघाली, जहाजं आली. मेलबर्नमध्ये ५२ मजली नौरू हाउस उभं राहिलं, १९७७ साली त्या शहरातली सर्वांत उंच इमारत. फॉस्फेट संपल्यावर पुढच्या पिढ्यांना पुरावं म्हणून विश्वस्त निधी उभारला होता. जमिनीच्या पुनर्वसनासाठी वेगळी रक्कम बाजूला पडत होती. कल्पना शहाणपणाची होती. पण दर वर्षी आणखी काही एकर सुळके उघडे पडत होते, आणि आता उपसणारे हात नौरूचे होते. १९७६च्या अखेरीस डीरोबर्टांची सत्ता गेली, १९७८मध्ये परत आली, आणि मधले काही दिवस सोडले तर १९८९पर्यंत टिकली. इतकी वर्षं एकाच माणसाभोवती देश फिरत राहिला. पैसा कुठे गुंतवला, कोण सांभाळतंय, तोटा किती, हे प्रश्न ज्या कडकपणे त्यांनी कमिशनर्सना विचारले होते, त्या कडकपणे बेटावर त्यांना विचारणारी व्यवस्था त्यांनी घडवली नाही. ते गेल्यावर दहा-बारा वर्षांत निधीचा मोठा भाग उधळला गेला. नौरू हाउस २००४ साली विकावं लागलं. मधुमेहाने बेट पोखरलं. २००१पासून ऑस्ट्रेलियाने आपल्याकडे येणाऱ्या आश्रितांना ठेवण्यासाठी या बेटावर छावणी उघडली, आणि नौरूने त्या पैशावर दिवस काढले. याचा सगळा दोष डीरोबर्टांच्या माथी मारणं अन्याय होईल. पण मोठ्या शिक्षकाचं एक काम असतं, आपल्यानंतर वर्ग चालवणारा घडवण्याचं. ते काम त्यांच्या हातून राहिलं असं मला वाटतं.

हे सगळं मान्य करूनही मी त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा वळतो, ते एका गोष्टीसाठी.

आबांना सोलापूर जिल्ह्यात मिळालेल्या जमिनीत एक तुकडा कमी होता. कागदावर होता, प्रत्यक्ष ताब्यात नव्हता. आबांनी पहिला अर्ज केला तो नुसता नेऊन दिला. वर्षभराने चौकशी केली तर असा अर्ज आलाच नाही म्हणाले. त्यानंतर जावई या नात्याने अण्णांनी ते काम अंगावर घेतलं. दर अर्जाच्या दोन प्रती. एक द्यायची, दुसरीवर शिक्का आणि सही घ्यायची, तारखेसकट. तिला पोच म्हणतात. कचेरीतला माणूस म्हणायचा, “गुरुजी, ठेवून जा की, विश्वास नाही का?” अण्णा म्हणायचे, “विश्वास आहे साहेब. पोच द्या.” आणि बाकावर बसून राहायचे. घरी एका कापडी पिशवीत त्या पोचा तारखेप्रमाणे लावलेल्या असत. नकाराची पत्रंसुद्धा. आई म्हणायची, नाही म्हणालेत ते कागद कशाला जपून ठेवता? अण्णा ते टाकत नसत.

आता नौरूकडे येतो. स्वातंत्र्याच्या करारात एक प्रश्न सुटलाच नव्हता. तिघांच्या कारभारात बेटाचा जो साधारण एक तृतीयांश भाग खणून टाकला गेला, तो पूर्ववत कोण करणार? १९६६मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने म्हटलं होतं की बेट राहण्याजोगं करण्यासाठी तातडीने पावलं उचलावीत. तिन्ही सरकारांचं म्हणणं, आम्ही भाव वाढवून दिला आहे, त्यात सगळं आलं. डीरोबर्टांना स्वातंत्र्य हवं होतं, तारीख जवळ आली होती. अशा वेळी पुष्कळ माणसं म्हणतात, आधी पदरात पडतंय ते घेऊ, बाकीचं नंतर बघू, आणि गप्प बसतात. त्यांनी पदरात पडत होतं ते घेतलं, पण गप्प बसले नाहीत. १९६७च्या अखेरीला संयुक्त राष्ट्रांत त्यांनी हा विषय अजून बाकी असल्याचं बोलून ठेवलं. ३१ जानेवारी १९६८ला, खुद्द स्वातंत्र्याच्या दिवशी, सगळं बेट आनंदात असताना, त्यांनी पुन्हा सांगितलं की या एक तृतीयांश जमिनीची जबाबदारी ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची आहे. ६ डिसेंबर १९६८ला राष्ट्राध्यक्ष या नात्याने ऑस्ट्रेलियाच्या परराष्ट्रमंत्र्यांना पत्र घातलं. ४ फेब्रुवारी १९६९ला उत्तर आलं. नकाराचं. त्यानंतर भेटीगाठींत विषय निघत राहिला. ६ ऑक्टोबर १९८३ला ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांना पुन्हा पत्र गेलं. पुन्हा नकार.

डिसेंबर १९८६मध्ये नौरूने चौकशी आयोग नेमला. अध्यक्ष श्रीलंकेचे कायदेपंडित क्रिस्टोफर वीरमंत्री. आयोगाने कागद खणून काढले, सुळक्यांमधून फिरून मोजमापं घेतली आणि जबाबदारी तिघा भागीदारांचीच असल्याचं सांगितलं. १९ मे १९८९ रोजी नौरू प्रजासत्ताकाने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात ऑस्ट्रेलियाविरुद्ध दावा दाखल केला. वर्गातल्या सर्वांत लहान पोराने हात वर करावा तसं ते दृश्य मला दिसतं. तीन महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, अविश्वासाचा ठराव होऊन डीरोबर्टांचं राष्ट्राध्यक्षपद गेलं.

ऑस्ट्रेलियाने पुष्कळ हरकती घेतल्या. कारभार तिघांचा होता, मग एकट्यावर दावा कसा? विश्वस्त व्यवस्था संपली तेव्हाच सगळं मिटलं. नौरूने हक्क सोडून दिला होता. आणि इतकी वर्षं उशीर करून दावा आणलाय, तो चालणार नाही. यातल्या शेवटच्या दोन हरकतींपाशी न्यायालयाने जुने कागद बाहेर काढले. हक्क सोडला? १९६७ साली संयुक्त राष्ट्रांत तर नौरूचा हा मुख्य सरदार विषय बाकी आहे म्हणतोय. उशीर केला? स्वातंत्र्याच्या दिवशीचं त्याचं वक्तव्य इथे आहे. १९६८चं पत्र आहे, त्याला १९६९ सालचं तुमचंच उत्तर आहे. २६ जून १९९२ रोजी ९ विरुद्ध ४ मतांनी निकाल आला की दावा चालवता येईल.

१५ जुलै १९९२ रोजी मेलबर्नमध्ये डीरोबर्ट वारले. निकालानंतर एकोणीस दिवसांनी.

पुढे खटला लढवला गेला नाही. ऑगस्ट १९९३मध्ये ऑस्ट्रेलियाने तडजोड केली. १० कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. त्यातला मोठा हिस्सा लगेच आणि उरलेला वीस वर्षांच्या हप्त्यांनी. ब्रिटन आणि न्यूझीलंडने आपापला १ कोटी २० लाखांचा वाटा उचलला. या पैशाने सुळके झाकले गेले का? नाही. उंचवट्यावर आजही ते तसेच उन्हात उभे आहेत, थोडा भाग सोडला तर. आमच्या आबांचा तो तुकडाही नावावर झाला तेव्हा आबा नव्हते. सातबारा आला त्या दिवशी आईने तो देवापाशी ठेवला आणि अण्णा बाहेर ओसरीवर बसून राहिले.

अण्णा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. डोळे अधू झाले होते, वाचून दाखवावं लागे. त्या निकालातल्या तारखा मी कागदावर उतरवून घेतल्या होत्या. एका दुपारी त्यांना सगळी हकिगत सांगितली, ट्रिएन्झापासून. ७३७ आकडा ऐकून त्यांनी तो पुन्हा विचारला. कर्टिस बेटाच्या वेळी काही बोलले नाहीत, फक्त आईकडे बघितलं. मग मी पत्रांवर आलो.

“६ डिसेंबर १९६८ला त्यांनी पत्र दिलं, अण्णा.”

“पोच?”

“४ फेब्रुवारी १९६९चं मंत्र्याचं उत्तर आहे. नाही म्हणून.”

अण्णा सरसावून बसले. “जपून ठेवलं होतं ना ते?”

“हो. कोर्टाने तेच धरलं.”

त्यांनी हात पुढे करून माझ्याकडचा कागद मागून घेतला. वाचता येत नव्हतं तरी तो डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघितला. मग नीट चौघडी घातली आणि आईला म्हणाले, “अगं, ती पिशवी आण जरा.”